पदाविना पदभार

ऑस्ट्रेलियाला राष्ट्राध्यक्ष नाही, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांची पत्नीही नाही. ६ नोव्हेंबर १९९९ रोजी तिथे सार्वमत झाले. ब्रिटिश राजघराण्याशी असलेले घटनात्मक नाते संपवून, संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताने नेमलेला राष्ट्राध्यक्ष देशाला हवा का, असा प्रश्न मतदारांपुढे होता. जवळपास ५५ टक्के मतदारांनी ‘नको’ असे उत्तर दिले. त्यामुळे आजही राजे चार्ल्स तिसरे हेच ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रप्रमुख आहेत. त्यांच्या वतीने घटनात्मक कामे गव्हर्नर जनरल पाहतात आणि प्रत्यक्ष कारभार पंतप्रधान चालवतात.

अमेरिकेत ‘फर्स्ट लेडी’कडे जे काम येते, ते ऑस्ट्रेलियात या व्यवस्थेमुळे दोन घरांत वाटले गेले आहे : एक घर गव्हर्नर जनरलचे, दुसरे पंतप्रधानांचे. परदेशी पाहुण्यांचे आगतस्वागत, शासकीय मेजवान्या, रुग्णालये आणि शाळांच्या भेटी, सेवाभावी संस्थांचे आश्रयदातृत्व, देशभरातून येणाऱ्या पत्रांना उत्तरे आणि निवडणूक आली की प्रचाराची धावपळ, असे हे काम आहे. त्याला वेतन नाही आणि कोणी ते शिकवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत तर खुद्द पंतप्रधानपदाचाही उल्लेख नाही, मग पंतप्रधानांच्या पत्नीचा कुठून असणार? तरीही १९०१ पासून आजवर या दोन घरांतल्या स्त्रियांनी देशाच्या आरोग्यसेवेत, बालशिक्षणात आणि संसदेत टिकाऊ काम करून ठेवले आहे. ते समजून घेतले की सत्तेच्या सावलीत राहणाऱ्या माणसाचे मोल कसे करावे, हेही कळते.

मेंढपाळांची वाडी आणि तात्पुरते घर

१ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले. राजधानी सिडनीत असावी की मेलबर्नमध्ये, ही चढाओढ सुटेना, तेव्हा दोन्हींच्या मध्ये नवे शहर वसवायचे ठरले. १२ मार्च १९१३ रोजी झालेल्या समारंभात या शहराचे नाव जाहीर करण्याचा मान गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी गर्ट्रूड डेनमन यांना मिळाला. ‘कॅनबेरा’ हे नाव जगाने प्रथम त्यांच्या तोंडून ऐकले. त्या वेळी त्या तिशीच्याही आत होत्या. पुढे इंग्लंडमध्ये ग्रामीण स्त्रियांच्या ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ संघटनेचे आणि दुसऱ्या महायुद्धात शेती सांभाळणाऱ्या ‘विमेन्स लँड आर्मी’चे नेतृत्व त्यांनी केले.

संसद प्रत्यक्षात कॅनबेराला आली ती मे १९२७ मध्ये. तोवर ती मेलबर्नमध्येच भरत होती. गव्हर्नर जनरलसाठी यारालुमला इथल्या मेंढपाळीच्या जुन्या मळ्यावरचे मोठे घर वाढवून तयार केले गेले. पंतप्रधानांसाठी जवळच एक दुमजली घर बांधले, त्याचे नाव ‘द लॉज’. मोठे निवासस्थान उभे राहीपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून ते बांधले होते, पण ते मोठे निवासस्थान कधी झालेच नाही. स्टॅन्ली ब्रूस आणि त्यांच्या पत्नी एथेल हे या घराचे पहिले रहिवासी. लॉज ज्या उपनगरात आहे त्याला दुसरे पंतप्रधान अल्फ्रेड डिकिन यांचे नाव दिलेले आहे. हे डिकिन १८९० मध्ये भारतातली कालव्यांची व्यवस्था पाहायला आले होते आणि १८९३ मध्ये त्यांनी भारतीय सिंचनावर पुस्तकही लिहिले.

डिकिन यांच्या पत्नी पॅटी यांचे काम त्यांच्या पतीच्या कारकिर्दीनंतर अधिक दिसले. पहिल्या महायुद्धात मेलबर्नमध्ये त्यांनी ‘अँझॅक बुफे’ चालवले. आघाडीवर निघालेल्या आणि जखमी होऊन परतलेल्या सैनिकांना तिथे खाणेपिणे आणि विसावा मिळे. त्यांची मुलगी व्हेरा हिने त्याच युद्धात रेडक्रॉससाठी कैरोमध्ये जखमी आणि बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारे कार्यालय सुरू केले. ज्यांच्या मुलाचा ठावठिकाणा सैन्यालाही सांगता येत नव्हता, अशा घरांना या कार्यालयाची पत्रे जात.

यारालुमलाच्या वाटेने उभ्या राहिलेल्या संस्था

गव्हर्नर जनरल पक्षीय राजकारणाबाहेर असतात. त्यांच्या पत्नींना त्यामुळे एक मोकळीक मिळे : कोणत्याही पक्षाच्या माणसाकडे जाऊन त्या मदत मागू शकत. सुरुवातीच्या बहुतेक गव्हर्नर जनरलच्या पत्नी ब्रिटिश उमराव घराण्यांतल्या होत्या, आणि त्या वजनाचा उपयोग काहींनी फार चांगला केला.

लेडी रेचेल डडली यांनी आयर्लंडमध्ये असताना तिथल्या गरीब पश्चिम भागात गावोगाव परिचारिका नेमण्याची योजना चालवली होती. १९०८ मध्ये त्या ऑस्ट्रेलियात आल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की डॉक्टरपासून कित्येक मैल दूर राहणाऱ्या शेतकरी आणि मेंढपाळ कुटुंबांचे हाल त्याच प्रकारचे आहेत. बाळंतपणात अडलेल्या बाईला गाडीत घालून दिवसभराचा रस्ता तुडवावा लागे. दुर्गम वस्त्यांत प्रशिक्षित परिचारिका पाठवणारी ‘बुश नर्सिंग’ची चळवळ त्यांच्या प्रयत्नांतून पुढे आली. १९१०-११ च्या सुमारास व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये तिच्या संघटना स्थापन झाल्या.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटन महायुद्धात उतरले. त्यानंतर नऊ दिवसांनी, १३ ऑगस्टला, लेडी हेलन मन्रो फर्ग्युसन यांनी रेडक्रॉसची ऑस्ट्रेलियन शाखा स्थापन केली. त्यांचे पती गव्हर्नर जनरल होते आणि मुक्काम मेलबर्नच्या शासकीय निवासस्थानी होता. तिथला नृत्याचा दिवाणखाना हेलन यांनी गोदाम करून टाकला. बँडेज, मोजे, सदरे, औषधे यांचे गठ्ठे तिथे बांधले जाऊ लागले. देशभर गावागावांत स्त्रियांच्या शाखा निघाल्या आणि घरकामात अडकलेल्या हजारो जणींना पहिल्यांदा हिशेब ठेवणे, बैठक चालवणे, माल पाठवणे ही कामे करता आली. ऑस्ट्रेलियन रेडक्रॉस आज देशातली एक प्रमुख मदतसंस्था आहे.

लेडी झारा गावरी यांचे नाव तर आजही तिथल्या आईबापांच्या तोंडी आहे, त्यांची ओळख फारशी कुणाला नसली तरी. लॉर्ड गावरी १९३६ ते १९४५ एवढा मोठा काळ गव्हर्नर जनरल होते. महामंदीने कामगार वस्त्यांतली मुले खंगली होती. १९३९-४० मध्ये सहाही राज्यांच्या राजधान्यांत एकेक बालकेंद्र सुरू झाले, आणि त्यांना लेडी गावरींचे नाव मिळाले. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातल्या मुलांना खेळ, सकस आहार, दुपारची झोप आणि आरोग्यतपासणी एकाच जागी मिळावी, आणि त्यातून इतरांनी शिकावे, असा हेतू होता. आपल्याकडची अंगणवाडी ज्या विचारावर उभी आहे, त्याच विचाराचा हा प्रयोग, आपल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या साडेतीन दशके आधीचा. ही केंद्रे चालू असतानाच, डिसेंबर १९४२ मध्ये, गावरी दांपत्याचा तरुण मुलगा लिबियात युद्धात मरण पावला. लेडी गावरींनी आपले काम सोडले नाही.

या यादीत भारताशी सर्वांत जवळचा संबंध मे केसी यांचा. त्यांचे पती रिचर्ड केसी १९४४ ते १९४६ बंगालचे गव्हर्नर होते. १९४३ च्या भीषण दुष्काळाने बंगाल खिळखिळा झाला होता, तेव्हा कलकत्त्याच्या राजभवनात या ऑस्ट्रेलियन दांपत्याचा मुक्काम होता. मे केसी चित्रकार होत्या, लेखिका होत्या आणि विमान चालवण्याचा परवाना त्यांनी मिळवलेला होता. १९६५ ते १९६९ मध्ये पती गव्हर्नर जनरल झाल्यावर यारालुमलाच्या दारातून चित्रकार आणि लेखकांची ये-जा सुरू झाली.

एनिड लायन्स : लॉजमधून लोकसभेत

पंतप्रधानांच्या घरातली सर्वांत विलक्षण कहाणी एनिड लायन्स यांची आहे. १८९७ मध्ये टास्मानिया बेटावर, लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या घरी त्यांचा जन्म झाला. आईने हट्टाने शिकवले आणि एनिड शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेऊ लागल्या. १९१५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांचे जोसेफ लायन्स यांच्याशी लग्न झाले. जोसेफ ३५ वर्षांचे होते आणि टास्मानियाच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. पुढे बारा मुले झाली, त्यांतले एक तान्हेपणीच गेले.

एवढ्या मोठ्या संसारात बाईचे सार्वजनिक आयुष्य संपले असे कुणीही गृहीत धरले असते. जोसेफनी तसे धरले नाही. बायकोने व्यासपीठावर बोलावे, असा आग्रह त्यांचाच होता. १९२५ मध्ये एनिड टास्मानियाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि अगदी थोड्या मतांनी हरल्या. जानेवारी १९३२ मध्ये जोसेफ देशाचे पंतप्रधान झाले. जग महामंदीत होते, लाखो माणसे बेकार होती. एनिड देशभर फिरल्या, सभा घेतल्या, आकाशवाणीवरून बोलल्या. घर, मुले, महिन्याचा खर्च या विषयांवर त्या अनुभवाने बोलत आणि ऐकणाऱ्या बायकांना ते आपले वाटे. १९३७ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला.

७ एप्रिल १९३९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, जोसेफ लायन्स यांचे पदावर असतानाच निधन झाले. एनिड ४१ वर्षांच्या होत्या आणि घरात लहान मुले होती. त्या टास्मानियातल्या डेव्हनपोर्ट इथल्या आपल्या ‘होम हिल’ या घरी परतल्या. प्रकृती ढासळली. पुढची काही वर्षे त्या लोकांच्या नजरेआड होत्या.

ऑस्ट्रेलियातल्या स्त्रियांना संघराज्याच्या निवडणुकीत मत देण्याचा आणि उमेदवार होण्याचा हक्क १९०२ मध्येच मिळाला होता, मूळनिवासी स्त्रियांना मात्र त्यातून वगळले होते. हक्क मिळूनही चार दशके एकही स्त्री संसदेत पोहोचली नाही. २१ ऑगस्ट १९४३ च्या निवडणुकीत ही कोंडी फुटली. टास्मानियाच्या डार्विन मतदारसंघातून एनिड लायन्स अटीतटीच्या लढतीत निवडून आल्या आणि कनिष्ठ सभागृहातल्या पहिल्या महिला सदस्य ठरल्या. त्याच निवडणुकीत डोरोथी टँग्नी सिनेटवर निवडून गेल्या. २९ सप्टेंबरला एनिड यांनी सभागृहात पहिले भाषण केले आणि घर, कुटुंब, निवारा, सामाजिक सुरक्षा हे विषय देशाच्या अर्थकारणाइतकेच महत्त्वाचे म्हणून मांडले. सरकार मुलांसाठी जो भत्ता देत असे तो पहिल्या मुलाला मिळत नसे. तो मिळावा यासाठी त्या भांडल्या आणि १९५० मध्ये तो लागू झाला.

डिसेंबर १९४९ मध्ये त्या केंद्रीय मंत्रिमंडळात आल्या, हेही एका स्त्रीसाठी पहिल्यांदाच घडत होते. मात्र त्यांना कोणतेही खाते दिले गेले नाही. ज्या बाईने मंदीतल्या पंतप्रधानांचे घर चालवले, निवडणुका लढवल्या आणि जिंकल्या, तिच्या हाती एक खाते सोपवावे असे तिच्या सहकाऱ्यांना वाटले नाही, याचे आजही वाईट वाटते. १९५१ मध्ये प्रकृतीमुळे त्यांनी राजकारण सोडले. पुढे त्यांनी एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या मंडळावर काम केले, आत्मचरित्र लिहिले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

लॉजला नकार आणि लॉजला होकार

एनिड यांच्यासारखा मार्ग सगळ्यांना हवा होता असे नाही. जॉन कर्टिन १९४१ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी एल्सी पर्थजवळच्या कॉटस्लो इथल्या घरी होत्या. खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, ओसाड नलारबोर पठार ओलांडून, आगगाडीने कॅनबेराला यायला काही दिवस लागत. एल्सी हा प्रवास करून लॉजमध्ये येत, काही काळ राहत आणि घर सांभाळायला परत जात. १९४४ मध्ये त्या पतीबरोबर वॉशिंग्टनलाही गेल्या. युद्धाच्या ताणाने खचलेल्या कर्टिन यांचे ५ जुलै १९४५ रोजी लॉजमध्येच निधन झाले.

त्यांच्यानंतरचे बेन चिफ्ली तर लॉजमध्ये राहायला गेलेच नाहीत. ते कॅनबेरातल्या कुराजोंग हॉटेलातल्या साध्या खोलीत राहिले आणि एलिझाबेथ चिफ्ली बॅथर्स्ट गावातल्या आपल्या घरी. एलिझाबेथ यांची प्रकृती बरी नसे. पंतप्रधानाच्या बायकोने राजधानीत असलेच पाहिजे, हा दंडक या दांपत्याने मानला नाही, आणि त्यामुळे देशाचे काही अडले नाही.

त्यानंतर पॅटी मेन्झीस यांनी अगदी उलट वाट धरली. रॉबर्ट मेन्झीस दोन खेपा मिळून १८ वर्षांहून अधिक काळ पंतप्रधान होते. एवढा काळ आजवर दुसरे कोणी त्या पदावर राहिलेले नाही. पॅटी यांनी लॉजला स्थिर घराचे रूप दिले, दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत प्रवास केला, रुग्णालयांसाठी काम केले आणि त्याबद्दल १९५४ मध्ये ‘डेम’ हा किताब स्वतःच्या नावावर मिळवला.

१९६६ मध्ये लॉजमध्ये आलेल्या झारा होल्ट मेलबर्नच्या टूराक भागात ‘मॅग’ नावाचे कपड्यांचे दुकान चालवत. कपड्यांची रचना त्या स्वतः करीत आणि धंदाही त्यांचाच होता. १७ डिसेंबर १९६७ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट शेव्हिऑट किनाऱ्यावर पोहायला उतरले ते परत आलेच नाहीत. त्यांचा मृतदेहही मिळाला नाही. पती, पद आणि राहते घर हे तिन्ही एका दुपारी गेले. पंतप्रधानाच्या पत्नीचे स्थान किती परावलंबी असते, हे इतक्या क्रूरपणे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आले नाही.

याच सुमाराला वृत्तपत्रांची नजर कशावर होती, याचे दाखले लागोपाठ मिळतात. बेटिना गॉर्टन अमेरिकेत जन्मलेल्या. त्यांनी मध्यमवयात विद्यापीठात जाऊन इंडोनेशियन आणि मलय भाषांचा अभ्यास केला, शब्दकोशाच्या कामात हातभार लावला आणि पती पंतप्रधान असताना इंडोनेशियाच्या दौऱ्यात तिथल्याच भाषेत लोकांशी बोलल्या. लॉजच्या आवारात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या मातीतल्या झाडांची बाग केली. त्यांची आठवण आज मोजक्यांना आहे. १९७१ मध्ये पंतप्रधान मॅकमहन यांच्या पत्नी सोनिया व्हाइट हाउसच्या मेजवानीला बाजूंनी चिरलेला पांढरा पोशाख घालून गेल्या, आणि त्या पोशाखाची छायाचित्रे आजतागायत छापली जातात. सोनिया यांनी पुढे सेवाभावी संस्थांसाठी पुष्कळ निधी उभा केला, त्याबद्दल क्वचितच कुणी लिहिते.

मार्गारेट व्हिटलम : स्वतःचे मत असलेली बाई

डिसेंबर १९७२ मध्ये २३ वर्षांनी मजूर पक्ष सत्तेवर आला आणि गॉफ व्हिटलम पंतप्रधान झाले. त्यांच्याबरोबर लॉजमध्ये आलेल्या मार्गारेट ५३ वर्षांच्या होत्या, सहा फुटांहून उंच होत्या आणि १९३८ मध्ये सिडनीत झालेल्या एम्पायर क्रीडास्पर्धेत जलतरणात ऑस्ट्रेलियाकडून उतरलेल्या होत्या. सिडनी विद्यापीठात समाजकार्य शिकून त्यांनी पॅरामॅटाच्या रुग्णालयात सामाजिक कार्यकर्ती म्हणून नोकरी केली होती. शहराच्या पश्चिमेला, सोयीसुविधा नसलेल्या नव्या उपनगरात त्यांचा संसार झाला होता. तिथल्या मुलांना त्यांनी पोहायला शिकवले होते. लोकांच्या अडचणी त्यांना अहवालांतून वाचाव्या लागत नव्हत्या.

वार्ताहरांनी प्रश्न विचारला की त्या उत्तर देत. स्त्रियांचे हक्क, गर्भपाताचा कायदा यांवर त्यांनी आपली मते उघडपणे मांडली. ‘वुमन्स डे’ या लोकप्रिय साप्ताहिकात त्यांनी रोजनिशीचे सदर लिहिले आणि पंतप्रधानांच्या घरातला दिवस कसा जातो हे सामान्य वाचकापुढे मोकळेपणाने ठेवले. पंतप्रधानाच्या बायकोने पैसे घेऊन लिहावे का, मते मांडावीत का, यावर टीका झाली. मार्गारेट थांबल्या नाहीत. याआधी ‘पंतप्रधानांच्या पत्नी काय म्हणाल्या’ ही बातमी क्वचित होई. त्यांच्यापासून ती नेहमीची झाली.

११ नोव्हेंबर १९७५ रोजी गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी व्हिटलम सरकार बरखास्त केले. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा घटनात्मक पेच होता. त्यानंतरही मार्गारेट सार्वजनिक जीवनात राहिल्या, कला आणि शिक्षणाच्या संस्थांसाठी काम करत राहिल्या. १९९७ मध्ये त्यांचे नाव ऑस्ट्रेलियाच्या ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानल्या गेलेल्या व्यक्तींच्या यादीत आले. १७ मार्च २०१२ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या लग्नाला ७० वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता.

हेझल हॉक : लॉज सुटल्यानंतरची थोरवी

व्हिटलम आणि हॉक यांच्या मधल्या काळात पंतप्रधान फ्रेझर यांच्या पत्नी टॅमी यांनी एक दूरदृष्टीचे काम केले. शासकीय निवासस्थानांत ऑस्ट्रेलियन कारागिरांचे फर्निचर आणि चित्रे असावीत, आणि त्यांवर नव्या रहिवाशाची आवड लादली जाऊ नये, यासाठी त्यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये ‘ऑस्ट्रेलियाना फंड’ स्थापन झाला. आज चार शासकीय निवासस्थानांत या निधीचा संग्रह आहे.

मार्च १९८३ मध्ये बॉब हॉक पंतप्रधान झाले. त्यांच्या पत्नी हेझल यांचा जन्म १९२९ मध्ये पर्थमध्ये झालेला. किशोरवयातच शाळा सोडून त्या कार्यालयात नोकरीला लागल्या होत्या. पती कामगार चळवळीत नाव कमावत असताना मुले वाढवण्याचा भार त्यांच्यावर होता, एक मूल तान्हेपणीच दगावण्याचे दुःख होते आणि पतीच्या व्यसनाचा, विवाहबाह्य संबंधांचा ताप होता. मेलबर्नमध्ये गरिबांसाठी काम करणाऱ्या ‘ब्रदरहुड ऑफ सेंट लॉरेन्स’ या संस्थेत त्या स्वयंसेविका झाल्या आणि कल्याणकारी कामाचे रीतसर शिक्षणही त्यांनी घेतले. लॉजमध्ये आल्या त्या अशा अनुभवानिशी. डिसेंबर १९९१ पर्यंतच्या जवळपास नऊ वर्षांत बालकल्याण, कला, वारसावास्तूंचे जतन यांसाठी त्यांनी काम केले. त्या पियानो सुरेख वाजवत. त्यांच्या वागण्यात कुठेही बडेजाव नव्हता, आणि लोकांचा त्यांच्यावरचा जीव हळूहळू पतीच्या लोकप्रियतेपासून वेगळा झाला.

१९९२ मध्ये ‘माय ओन लाइफ’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. लग्नाआधी कराव्या लागलेल्या गर्भपातासह अनेक गोष्टी त्यांनी त्यात सांगितल्या. १९९५ मध्ये घटस्फोट झाला. पंतप्रधानांची पत्नी हे नाते संपल्यावरही हेझल हॉक या नावाचे वजन कमी झाले नाही. न्यू साउथ वेल्सच्या वारसा परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले.

२००३ मध्ये त्यांनी एबीसी दूरचित्रवाणीच्या ‘ऑस्ट्रेलियन स्टोरी’ या कार्यक्रमात सांगितले की आपल्याला अल्झायमर्स झाला आहे. स्मृतिभ्रंश झालेले माणूस घरात दडवून ठेवण्याची प्रथा तिथेही होती. देशाने जिला आठ-नऊ वर्षे आपल्या पहिल्या घरात पाहिले होते, ती स्वतःच्या विस्कटत जाणाऱ्या स्मृतीबद्दल सर्वांदेखत बोलली आणि हजारो कुटुंबांना बोलण्याचे बळ मिळाले. त्यांच्या नावाने अल्झायमर्सच्या संशोधनासाठी आणि रुग्णांच्या देखभालीसाठी निधी उभा राहिला. २३ मे २०१३ रोजी हेझल यांचे निधन झाले. मला त्यांचे हे शेवटचे काम लॉजमधल्या सगळ्या कामांपेक्षा मोठे वाटते.

नोकरी, धंदा आणि पुरुष जोडीदार

एकविसाव्या शतकात प्रश्न बदलला. पत्नीचा स्वतःचा व्यवसाय असेल तर काय? थेरेस रीन यांनी १९८९ मध्ये लोकांना पुन्हा कामाला लावणारी कंपनी सुरू केली होती, तीच पुढे ‘इंजिअस’ म्हणून अनेक देशांत पसरली. त्यांचे पती केव्हिन रड पंतप्रधान होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा अडचण उभी राहिली : ही कंपनी ऑस्ट्रेलियन सरकारचीच कंत्राटे घेत होती. २००७ मध्ये थेरेस यांनी ऑस्ट्रेलियातला व्यवसाय विकला आणि परदेशातला चालू ठेवला. हितसंबंधांचा संघर्ष टाळलाच पाहिजे, हे बरोबरच. पण अठरा वर्षे उभा केलेला धंदा विकण्याची वेळ पतीच्या पदामुळे पत्नीवर आली, ही किंमतही नोंदवायला हवी.

लुसी टर्नबुल २००३ मध्ये सिडनीच्या पहिल्या महिला लॉर्ड मेयर झाल्या. त्यांचे पती माल्कम पंतप्रधान झाले ते त्यानंतर बारा वर्षांनी. त्या काळात लुसी सिडनीच्या नगरनियोजनाचे काम पाहणाऱ्या आयोगाच्या प्रमुख होत्या.

जून २०१० मध्ये ज्युलिया गिलार्ड पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, आणि लॉजमध्ये पहिल्यांदा पुरुष जोडीदार आला. टिम मॅथिसन व्यवसायाने केशरचनाकार होते आणि दोघांचे लग्न झालेले नव्हते. पुरुषांच्या आरोग्याबद्दल जागृती करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यांच्या व्यवसायावरून जी टिंगल झाली, तिच्यातून एक गोष्ट उघड झाली : पत्नीकडून समाज जे काम बिनबोभाट गृहीत धरतो, ते पुरुष करू लागला की त्याचे त्याला नवल वाटते. यारालुमलातही हा बदल झाला. २००८ मध्ये क्वेंटिन ब्राइस पहिल्या महिला गव्हर्नर जनरल झाल्या आणि त्यांचे वास्तुरचनाकार पती मायकेल ब्राइस यजमानपदी आले. १ जुलै २०२४ पासून सॅम मोस्टिन याही महिलाच गव्हर्नर जनरल आहेत.

विद्यमान पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांचा जोडी हेडन यांच्याशी २९ नोव्हेंबर २०२५ रोजी लॉजच्या बागेत विवाह झाला. पदावर असताना लग्न करणारे ते ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान.

आपल्याकडे पाहताना

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २००७ ते २०१२ या काळात प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या आणि त्यांचे पती डॉ. देवीसिंह शेखावत राष्ट्रपती भवनात होते. ते स्वतः शिक्षणसंस्थाचालक, माजी आमदार आणि अमरावतीचे पहिले महापौर. पत्नीच्या पदाची प्रतिष्ठा राखत, एक पाऊल मागे राहून त्यांनी ती पाच वर्षे निभावली. त्याआधीच्या पिढीत वेणूताई चव्हाण होत्या. १९४२ च्या आंदोलनात पती भूमिगत असताना नव्याने लग्न झालेल्या वेणूताईंनी तुरुंगवास भोगला आणि पुढे मुंबईत, दिल्लीत यशवंतरावांच्या घराचा आधार झाल्या. कराडला त्यांच्या नावाचे स्मारक आहे. तरी त्यांच्या कामाबद्दल आपल्याला किती ठाऊक आहे?

ऑस्ट्रेलियात डायन लँगमोर यांनी १९९२ मध्ये दहा पंतप्रधान-पत्नींच्या आयुष्यावर संशोधनपूर्वक ग्रंथ लिहिला. पत्रे, मुलाखती, वृत्तपत्रे धुंडाळून या स्त्रियांना इतिहासात जागा दिली गेली. आपल्याकडे असे काम फारच थोडे झाले आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांच्या या कहाणीतून माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. नेत्याच्या जोडीदाराने सार्वजनिक काम करावे की नाही, हा सर्वस्वी त्या व्यक्तीचा निर्णय असला पाहिजे. एलिझाबेथ चिफ्ली यांचे बॅथर्स्टला राहणे आणि एनिड लायन्स यांचे संसदेत जाणे, दोन्ही तितकेच आदरणीय. जी व्यक्ती काम करायचे ठरवते, तिच्या कामाला मनुष्यबळ, खर्च आणि रीतसर नोंद मिळाली पाहिजे, कारण त्याचा लाभ देश घेत असतो. आणि तिचे मूल्यमापन पोशाखावरून न करता तिने मागे काय ठेवले यावरून झाले पाहिजे.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या गावाच्या सरपंचांच्या, तालुक्याच्या आमदारांच्या, जिल्ह्याच्या जुन्या नेत्यांच्या घरात अशी माणसे आहेत, ज्यांनी वर्षानुवर्षे दारी आलेल्याला पाणी दिले, भाकरी वाढली, तक्रारी ऐकल्या, चळवळीतली माणसे सांभाळली. त्यांतल्या कित्येक जणी आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे जा, त्यांना बोलते करा आणि ते लिहून ठेवा. हे काम पुढच्या पिढीवर सोडले तर सांगायला त्या उरणार नाहीत.